न्हाण आलं, पुढे काय?

आमचं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. 1891 चा संमतिवयाचा कायदा आणि 1929 चा शारदा कायदा हे दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानापुरते. शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरलं ते बेळगावात. आमच्या गल्ल्यांना तो कायदा थेट लागू नव्हता.

माझ्या आजीचं लग्न न्हाण येण्याआधीच झालेलं. न्हाण आल्यावर तिला मखरात बसवलं, बायकांनी ओटी भरली, गोडधोड झालं आणि चांगला दिवस बघून सासरी पोचवलं. साऱ्या गल्लीला बातमी होती. एवढा थाट नेमका कशासाठी, हे तिला मात्र कुणी सांगितलं नाही. काल पोर, आज सून. किशोरवय म्हणून काही तिच्या वाट्याला आलंच नाही. शरीर बदललं की किशोरवय येतं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, ते मिळवून दिलं लग्नाचं वय लांबल्याने आणि मुली शाळेत टिकल्याने.

आईच्या वेळी मखर गेलं होतं आणि कुजबुज आली होती. 'कावळा शिवला', वेगळी चटई, लोणच्याला हात नको. त्यापेक्षा मखर परवडलं, असं कधी कधी मनात येतं. निदान त्यात लपवाछपवी नव्हती. (सासरी धाडायची घाई सोडून, अर्थात.)

आजही आया पहिल्या पाळीची वाट बघत थांबतात. पण पाळी ही सुरुवात नव्हेच. मुलींच्या शरीरात बदल साधारण आठ ते तेराव्या वर्षी सुरू होतात, पाळी त्यानंतर बहुधा दोन-अडीच वर्षांनी येते. उंची भराभर वाढते तीही पाळीच्या आधी. फ्रॉक आखूड व्हायला लागला, की समजावं.

मुलग्यांना तर ना मखर, ना कुजबुज. आवाज फुटला की घरातले हसतात, आणि रात्री बिछाना ओला झाला की तो पोरगा एकटाच घाबरून बसतो. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर उघडपणे लिहीत होते. जवळपास शंभर वर्षं झाली, तरी आमच्या घरांत बाप मुलाशी यावर बोलत नाही.

घरात आठ-नऊ वर्षांचं लेकरू असेल तर आताच बोला. मुलीला सांगताना तिच्या भावाला बाहेर खेळायला पिटाळू नका. त्यालाही शेजारी बसवा.