जागं करावं की नाही

वॉर्डातली पहाट साडेचारला होते. ट्यूबलाइट लागते, ट्रॉलीची चाकं वाजतात आणि सिस्टर पहिल्या कॉटपाशी येऊन म्हणते, "आजोबा, हात पुढे करा, रक्त घ्यायचंय." आजोबांचा नुकताच डोळा लागलेला असतो. रक्त नेमकं त्याच वेळी काढण्याला बहुतेकदा वैद्यकीय कारण नसतं. सकाळच्या राउंडला रिपोर्ट फाइलला लागलेले हवेत, म्हणून सॅम्पल सातच्या आत लॅबला जायला हवं. एवढ्यासाठी आजोबांना उठवायचं.

नाइट ड्युटीत आयुष्याचा मोठा भाग गेला. पेशंटची झोप हा उपचार आहे, आणि तो मोडायला औषध बंद करण्याइतकंच सबळ कारण लागतं, असं मी ठामपणे मानते. हे काही आजचं शहाणपण नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये आवाजावर एक आख्खं प्रकरण लिहिलं. पहिल्या झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणं कठीण. काही तास झोपून उठलेला मात्र परत झोपू शकतो, हे त्यांनी केवळ निरीक्षणातून टिपलं होतं. सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते, हे विज्ञानाने पुढे कितीतरी वर्षांनी दाखवलं. रुग्णाच्या खोलीतल्या कुजबुजीवरही त्या चिडल्या होत्या. आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटून रुग्ण कान देऊन पडून राहतो. आमच्या नर्सिंग स्टेशनवरच्या गप्पा जवळच्या कॉटवर अशाच पोहोचतात.

पण झोपू द्यावं म्हणजे सगळ्यांनाच झोपू द्यावं, असं नाही. डोक्याला मार लागलेला तरुण शांत घोरत असतो. आई म्हणते, "सिस्टर, आत्ताच झोपलाय हो, नका उठवू." बाहेरून बघताना झोप आणि हरपत चाललेली शुद्ध सारखीच दिसते. त्याला हाक मारायची, डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितल्यावर हात उचलतो का ते बघायचं, बाहुल्यांवर टॉर्च मारायचा. 1974 साली आलेली आणि आज जगभर वापरली जाणारी ग्लासगो कोमा स्केल, बाहुल्या सोडल्या तर, हेच तर मोजते. अशा वेळी आईचा राग पत्करायचा आणि तासाभराने पुन्हा उठवायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तासांतही तेच. कूस बदलता न येणाऱ्या पेशंटला मध्यरात्रीही वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात.

माझं भांडण आहे ते शिळ्या ऑर्डरशी. दाखल होताना केसपेपरवर 'बीपी दर चार तासांनी' असं लिहिलं जातं आणि डिस्चार्जपर्यंत ते कुणी खोडत नाही. हर्नियाचा पेशंट तिसऱ्या दिवशी स्वतः चालत बाथरूमला जाऊन येतो, तरी रात्री दोनला त्याच्या दंडाला पट्टा बांधायचाच. संध्याकाळच्या राउंडला सिस्टरने फक्त विचारावं, "सर, याचं रात्रीचं बीपी बंद करू का?" बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. आठ तासांनी द्यायचं अँटिबायोटिक सहा, दोन, दहा असं बसवलं, की रात्री दहा ते सकाळी सहा सुईची गरज राहत नाही. लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी दिली, की म्हातारं माणूस अंधारात धडपडत उठत नाही. ज्याला उठवणं भागच आहे, त्याचं बीपी, सलाईन, लघवीची पिशवी, कूस सगळं एकाच फेरीत उरकावं.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ असतो. घरी लख्ख असलेली आजी तिसऱ्या रात्री सलाईन उपटते, गेलेल्या माणसांना हाका मारते. नातेवाईक घाबरून म्हणतात, "डोक्यावर परिणाम झाला." खरं तर आजार, अनोळखी जागा, औषधं, सगळ्यांचाच त्यात हात असतो, आणि मोडलेल्या झोपेचाही. शॅरन इनोये यांनी 1999 साली अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या 852 रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांना रात्री गरम पेय दिलं, पाठ चोळून दिली, मंद संगीत लावलं, औषधांच्या वेळा सरकवल्या. दिवसा हिंडवणं, पाणी पाजणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, असंही बरंच त्यात होतं. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रुग्णांना भ्रम झाला, इथे 9.9 टक्क्यांना. यातल्या कशालाही मशीन लागत नाही. मनुष्यबळ मात्र लागतं.

खरी अडचण तिथेच आहे. साडेचारला दिवा लावणारी सिस्टर निष्ठुर नसते. तीस पेशंट आणि ती एकटी. रक्त, ताप, बीपी, इंजेक्शन मिळून प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी अडीच तास होतात. सात गाठायचे तर साडेचारलाच सुरुवात करावी लागते. तिच्या जोडीला दुसरी सिस्टर दिली, तर पावणेसहाला सुरू करून काम सातलाच संपतं, आणि वॉर्डातला पहिला पेशंट सव्वा तास जास्त झोपतो.