पेंग्विनवाला आणि काका

पालघरहून बोईसर म्हणजे मध्ये एकच उमरोळी. पण तेवढ्या प्रवासातही मी कुणाला तरी लिनक्सची दीक्षा देत असे! लॅपटॉपवर पेंग्विनचा स्टिकर आणि तोंडात एकच वाक्य, ‘विंडोजवर सर्व्हर? म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं!’

तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी सिस्टीम्स बघायचो. सर्व्हर दोन. अकाउंट्सचा विंडोजवर, तो काकांच्या ताब्यात. डिस्पॅचचा लिनक्सवर, माझा लाडका. काका रिटायरमेंटला टेकलेले. कमांड लाइनचं नाव काढलं की हात जोडायचे. पण दर महिन्याला अपडेट टाकायचे, वहीत तारीख लिहायचे आणि बॅकअपची हार्ड डिस्क वायर काढून कपाटात ठेवायचे. मी मनातल्या मनात हसायचो.

१२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’नं जगभरातली विंडोज मशीन्स लॉक करायला सुरुवात केली. मी जाम खूश! ‘बघा काका, तुमचं विंडोज!’ काकांनी शांतपणे वही उघडली. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. काकांनी ते तेव्हाच टाकलं होतं.

आणि त्याच पावसाळ्यात एका सकाळी माझा लाडका आडवा झाला. गेटवर ट्रक उभे, चलन निघेना. बघतो तर काय, प्रोसेसर १०० टक्के! कुणीतरी माझ्या सर्व्हरवर बसून खुशाल क्रिप्टो नाणी पाडत होतं. आत आलं कसं? घरून काम करता यावं म्हणून एसएसएच मीच इंटरनेटला उघडं ठेवलं होतं. टेस्टिंगसाठी काढलेलं ‘टेस्ट’ नावाचं खातं, पासवर्डही ‘टेस्ट’, आणि वर त्याला ॲडमिनचे अधिकार! अशा मशीनवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं. डेटा परत मिळाला तो काकांच्या कपाटातून. दर शनिवारी ते गुपचूप माझीही कॉपी काढत होते.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, ‘नक्की झालं काय?’ ‘व्हायरस आला, सर’ म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. माझं प्रोबेशन चालू होतं. काका खाली मान घालून व्हाउचर लावत बसलेले. मी म्हटलं, ‘चूक माझी आहे.’ प्रोबेशन तीन महिने वाढलं. पण त्या रात्री झोप मात्र लागली.

मग मी जरा वाचायला लागलो. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात ‘स्लॅमर’ शिरला. केंद्र तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, तरी सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास ठप्प! अपडेट सहा महिने आधीच आलं होतं, आणि वर्म आला तो फायरवॉलला बगल देणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लाइनवरून. २०१९ मध्ये कुडनकुलमच्या ऑफिस नेटवर्कमधल्या एका पीसीत मालवेअर सापडलं. रिॲक्टरचं नियंत्रण त्या नेटवर्कपासून वेगळं होतं, म्हणून निभावलं. तारापूरचं केंद्रही त्याच एनपीसीआयएलचं. ज्याच्या घराशेजारी अणुवीज केंद्र आहे, त्याला ही बातमी जरा जास्तच टोचते.

सिस्टीममध्ये फरक असतो हो! ओपनबीएसडी मुळातच जवळपास सगळी दारं बंद करून येते. लिनक्ससारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कुणीही तपासू शकतो, पण २०१४ चा ‘हार्टब्लीड’ दोन वर्षं कुणाच्या नजरेला आलाच नव्हता. दार शिसवी असो की प्लायवूडचं, किल्ली पायपुसण्याखाली ठेवली तर चोराला काय फरक पडतो?

स्टिकर अजून आहे. शेजारी आता एक वहीसुद्धा आहे. मायक्रोसॉफ्टची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. काका कधीच रिटायर झालेत, पण बुधवारी त्यांचा फोन येतोच, ‘काय रे पेंग्विन, वही भरलीस का?’