आधी भरा, मग मिळेल

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. एका बाजूचं बिजागर मोडलेलं. आत बापाचं मतदान कार्ड, आईचं रोजगार हमीचं जॉब कार्ड, काच फुटली म्हणून भिंतीवरून उतरवलेला बाबासाहेबांचा फोटो, आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली एक पावती. जुलै २०१७. अक्षरी रुपये तेरा हजार फक्त. बारा हजार फीचा पहिला हप्ता आणि एक हजार अनामत. खाली क्लार्कची सही. ती सही आहे की चिरडलेला मुंगळा, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या उच्च शिक्षणाचा हाच एक कागद माझ्याजवळ आहे.

मित्रांनो, तुम्ही मला कवी म्हणता. मी सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. आठ तास तुटलेला धागा जोडतो. कविता सुचते ती रातपाळीच्या चहाच्या सुट्टीत, आणि बरीचशी पुढच्या पाळीपर्यंत विसरूनही जाते. पण आज कविता नाही. आज हिशेब लिहायचा आहे.

माळशिरस तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. नीरेचा उजवा कालवा, साखर कारखाने, वाड्यावर वाडे. तो ऊस आमचा नाही. माझा बाप लोकांच्या उसाला रात्रीची दारं धरायचा, आई खुरपायला जायची. बारावी सायन्सला मला बरे मार्क पडले आणि बाहेरगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या बी. एस्सी.ला नंबर लागला. कोर्स विनाअनुदानित. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि त्या दारातून पुढं काय काय आत आलं, हे नव्यानं सांगायला नको.

खिडकीशी मी आणि बाप. मी म्हटलं, "एस. सी. आहे सर, भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे."

"माहीत आहे. पण ती तुमच्या खात्यावर येणार. आली की तुम्ही आम्हाला द्याल कशावरून? आधी भरा. स्कॉलरशिप आली की पैसे तुमचेच."

बाप बाहेर आला, लिंबाखाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपुन आठवडाभर राबतो, मग बाजारच्या दिशी मजुरी घेतो. काम आधी, पैसं मागनं. आन् हितं पैसं आधी, शिक्षान मागनं? असं कसं रं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. आज गिरणीत सात वर्षं काढल्यावर थोडंफार देऊ शकतो. मी महिनाभर राबतो, पगार पुढच्या महिन्यात होतो. म्हणजे महिनाभर माझं काम गिरणीकडे उधार असतं. बाप आठवडाभर बागायतदाराला उधार देत होता. आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत कॉलेजला उधार द्यायचं तेही आम्हीच, आणि सरकारची बाकी सांभाळायची तीही आम्हीच. ज्याच्या घरी रॉकेलची बाटली मोजून वापरली, त्याच्याच उधारीवर ही सगळी व्यवस्था चाललीय! आणि वर ऐकून घ्यायचं की तुमचं काय बाबा, तुम्हाला सगळं फुकट.

आईनं शेजारच्या गावातून पैसे आणले. शेकडा तीन, महिन्याला. बारा हजाराचं व्याज महिन्याला ३६०. अनामतीचे हजार घरचेच, शेळी विकून आलेले.

त्या साली शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल नवं नवं सुरू झालं होतं. रात्री दोनला उठून फॉर्म भरायचा, कारण दिवसा ते उघडायचंच नाही. आज आधार जुळत नाही, उद्या ओटीपी येत नाही. माझ्या खोलीवरच्या एका पोराचं आधार कुठल्या खात्याला जोडलेलं होतं हे शोधता शोधता तीन महिने गेले. शेवटी कळलं की सिमकार्ड घेताना दुकानदारानं त्याच्या नावावर एक खातं उघडून ठेवलंय! माझा फॉर्म कसाबसा गेला आणि अडकला. "संस्थास्तरावर प्रलंबित." हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचले की झोपेत बडबडायचो, असं खोलीवरची पोरं सांगायची.

दिवाळीनंतर दुसऱ्या हप्त्याची यादी बोर्डावर लागली. फी थकलेले विद्यार्थी. मी आडनावं वाचत गेलो. पुढं वाचायची गरज नव्हती, आमच्या सगळ्या वस्त्या ओळीनं उभ्या होत्या. वर्गातली एक मुलगी सहज म्हणाली, "तुमची तर माफ असते ना रे?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

३ जानेवारी २०१८ चा बंद झाला, कॉलेज उघडलं, आणि त्याच आठवड्यात मला परीक्षेचा फॉर्म नाकारला. मी सामान बांधलं.

आता परतीचा नियम ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परत करण्याचं कोष्टक काढलं. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी जागा सोडली तर शंभर टक्के परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापायचे. त्यानंतर शेवटच्या तारखेच्या आत सोडली तर नव्वद टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी. तीस दिवसांपर्यंत पन्नास. तीस दिवसांनंतर शून्य. अनामत मात्र पूर्ण परत. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत.

कागद चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे कोष्टक कुणासाठी बनलंय ते बघा. पहिल्या पंधरा दिवसांत कॉलेज कोण सोडतं? ज्याला दुसरीकडे त्याहून चांगली सीट मिळाली तो. आमचं पोरगं पंधरा दिवसांत सोडत नाही. ते उपाशीपोटी दिवाळीपर्यंत टिकतं, आज येईल उद्या येईल म्हणत जानेवारीपर्यंत ओढतं, आणि मग सोडतं. म्हणजे कोष्टकाच्या शेवटच्या ओळीत. शून्य. जो जास्त चिकाटीनं टिकतो त्याला कमी परत.

मला तर त्या वेळी कोष्टकबिष्टक काहीच माहीत नव्हतं. मी बारावीचा दाखला मागितला. "दुसरा हप्ता भरा, मग दाखला." अनामत मागितली. "मूळ पावती आणा. ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, सगळ्यांचं येणं-बाकी नाही असं लिहून आणा. चेक मार्चनंतर निघेल." दोनदा गेलो. एस. टी.चं जाऊन-येऊन भाडं आणि बुडालेली हजेरी धरली तर तिसऱ्या खेपेला अनामतीतून माझ्या हाती चहाचे पैसे उरले असते. गेलो नाही. दाखला अजून तिथंच आहे. अनामतही. शिष्यवृत्तीचा फॉर्म मधेच कॉलेज सोडल्यामुळे बाद झाला. सावकाराचे पैसे फेब्रुवारी २०१९ ला गिरणीच्या पगारातून फेडले. एकोणीस महिने, व्याज ६,८४०. सहा महिन्यांच्या कॉलेजचे, खोली आणि खानावळ सोडून, १९,८४० रुपये. पेटीतल्या पावतीवर तेराच आहेत. वरच्याची पावती मिळत नसते.

फार पुढं मला समजलं की तेव्हा नुसतं एक कॉलेज किंवा एक क्लार्क आडवा आलेला नव्हता. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांत अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राचा पैसा वर्षाला साधारण १,१०० कोटी होता. सबंध देशाला! बाकीचं ओझं राज्यांवर. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ६० आणि राज्यानं ४० टक्के उचलायचं ठरलं, पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर झाली. म्हणजे पैसे देता येत होते. मी रात्री दोनला उठून फॉर्म भरत होतो, तेव्हाही देता आले असते.

कुणी म्हणेल, बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुम्ही रडता कशाला. हे वाक्य मला व्याख्यानांतून फार ऐकावं लागतं आणि दर वेळी संताप येतो. बाबासाहेबांची सुद्धा शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. १९१३ ला सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, मोबदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, मुदत संपली म्हणून. बडोद्यात राहायला जागा मिळेना, हाकलून दिलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले, शाहू महाराजांनी दिलेले आणि नवल भथेनांकडून उसने घेतलेले पैसे होते तेव्हा. मला वाटतं, अभ्यास मधेच मोडणं म्हणजे काय हे त्या माणसाला अंगावर माहीत होतं. म्हणूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हॉइसरॉय लिनलिथगोंना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल सरकारी पैसा मागितला. १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला अजून "भारत सरकार" म्हणतो ती हीच. ती उपकार म्हणून आलेली नाही, मागून, भांडून घेतलेली आहे.

आणि रोहित वेमुलाची शेवटची चिठ्ठी आपण सगळ्यांनी वाचलीय. जानेवारी २०१६. आकाश, तारे, सगळं लिहिल्यावर त्यानं सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहिला. एक लाख पंचाहत्तर हजार. त्या चिठ्ठीतलं हे वाक्य सभांमधून कुणी वाचत नाही. मला तेच आधी आठवतं.

२०२४ ला उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या टिटोरा गावच्या अतुल कुमारला धनबादच्या आय. आय. टी.त जागा मिळाली. भरायचे होते १७,५००. बाप मजूर. गावानं पैसे गोळा करेपर्यंत २४ जूनचे संध्याकाळचे पाच वाजत आले आणि पोर्टल बंद झालं. जागा गेली. पोरगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ३० सप्टेंबरला कोर्टानं घटनेच्या कलम १४२ खालचा खास अधिकार वापरून त्याला जागा द्यायला लावली. पेपरांनी कौतुक केलं. पण साडेसतरा हजारासाठी कलम १४२? तालुक्याच्या क्लार्कनं जे करायचं ते सरन्यायाधीशांना करावं लागतं, आणि आपण टाळ्या वाजवतो.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय, तर माझी धाकटी बहीण यंदा, २०२५ ला, बारावी झाली.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेलो तर तलाठी बंदोबस्ताला. ज्ञानोबांची पालखी माळशिरस मुक्कामी येणार होती. दर साली ॲडमिशन आणि पालखी एकाच वेळी येतात. रस्त्यावर ट्रकच्या ट्रक केळी, चहा, बिस्किटं फुकट, पायाचं मालीश फुकट. मी वारकऱ्यांना काही म्हणत नाही, त्यातले निम्मे आमच्यासारखेच कोरडवाहू. पण एवढ्या दात्यांत दाखल्याचा फॉर्म भरून देणारं एक टेबल कुणी टाकत नाही.

तालुक्यातल्याच एका कॉलेजात बी. एस्सी.ला नाव लागलं. मी रातपाळी करून तसाच गेलो, डोळ्यांत कापसाची कूस. पिशवीत केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना, प्रिंट काढलेल्या. त्यात लिहिलंय, पात्र विद्यार्थ्याला फ्रीशिप कार्ड द्यायचं, आधी फी घ्यायची नाही, शिष्यवृत्ती खात्यावर आली की त्यानं सात दिवसांत फी भरायची. महाराष्ट्र शासनाची परिपत्रकं पण तेच सांगतात, प्रवेशाच्या वेळी फीसाठी अडवू नका. क्लार्क म्हणाला, "हे आमच्याकडं आलेलं नाही." मी म्हटलं, "आलंय की. मी आणलंय." आवाज चढला. रांग थांबली. मागची पोरं-पोरी बघायला लागली.

बहिणीनं माझी बाही ओढली. "दादा, बास ना. भर की एकदाचे. मी शिकवण्या घेईन, फेडीन. सगळी माझ्याकडं बघतायत."

तिला पावती नको होती, तिला त्या रांगेतून दिसेनासं व्हायचं होतं. मला माहीत आहे ते. मी पण बोर्डावर होतो एकदा. क्षणभर वाटलं, मी हिच्यासाठी भांडतोय की २०१७ च्या त्या खिडकीशी? अजून नक्की सांगता येत नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण बाजूला झालो नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी हमीपत्र घेतलं, शिष्यवृत्ती जमा झाल्यापासून सात दिवसांत भरेन, आणि प्रवेश दिला. ट्यूशन फी घेतली नाही. "इतर" म्हणून मात्र बाराशे सांगितले. मी म्हटलं, "इतर म्हणजे काय ते एकेक लिहून द्या." लिहिता लिहिता ते साडेसातशे झाले. साडेचारशे कुठं गेले ते मी विचारलं नाही, दिवस तेवढाच होता. अनामत पाचशे, ती भरावीच लागते, शिष्यवृत्तीत ती धरत नाहीत कारण ती परत मिळायची असते. वेगळ्या ओळीत लिहून घेतली. तारीख, सही, शिक्का.

आईनं ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, माझ्या पावतीच्या वर. मग काय मनात आलं कोण जाणे, माझी बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुजं बी जाऊन ये की एकदा. मूळ पावती हाय आपल्यापाशी."

येत्या महिन्यात जाणार आहे. दाखला आणि हजार रुपये. बरोबर कुणी येत असेल, किंवा कुणाचं असंच कुठं अडकलं असेल, तर माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. सकाळी दहाला माळशिरसच्या एस. टी. स्टँडवर भेटेन. मूळ पावती घेऊन या. झेरॉक्स चालत नाही.