लेट फी

आमच्या धंद्यात महिन्याला वार नसतात, तारखा असतात. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या, आणि या सगळ्यांवर कडी करणारा मार्च एन्ड. करसल्लागाराच्या घरी लग्न ठरलं की गुरुजींनी काढलेले मुहूर्त आधी आयकराच्या कॅलेंडरशी ताडून बघतात. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचं जेवण मी ऑडिट रिपोर्ट अपलोड होतोय की नाही हे फोनवर बघत जेवले. पदार्थ काय होते, आठवत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हे नाव भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला, एकेक गाव बातमीत यायला लागलं. नांदेडच्या विहिरीचं पाणी तपासायला गेलं, केंद्राचं पथक येऊन गेलं, घरोघरी पातेली चढवून पाणी उकळायला लागले. पुढे रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्यांतली एक मी. आधी जुलाब. ते थांबले, बरं वाटलं, आणि मग तळपायांना मुंग्या. मुंग्या पोटऱ्यांत, गुडघ्यांत पाणी झाल्यासारखं, मग हातातून चहाचा कप निसटला. सगळं खालून वर, शिस्तीत.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. पोटात शिरलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या अंगावरची खूण आणि आपल्या नसांवरची खूण कधीकधी इतकी सारखी असते, की जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं नसांवरही तुटून पडतात. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून या आजाराचं वर्णन केलं. नावात दोघंच राहिले, बिचारे स्त्रोल गळाले.

या आजारात डोकं मात्र शाबूत राहतं. हात हलत नाही, पाय हलत नाही, चेहऱ्यावर हसू आणायचं म्हटलं तर एक बाजू ऐकत नाही, आणि आत सगळा हिशेब लख्ख चालू असतो. अतिदक्षता विभागात रात्र होत नाही. दिवे जळतात, मॉनिटर वाजतात. मी पडल्या पडल्या बेरजा करायचे. इम्युनोग्लोब्युलिन दर किलो वजनाला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या बाईला रोज २४, एकूण १२०. मग कळलं की या औषधाची एक खेप करायला किमान हजार, बहुधा कितीतरी हजार माणसांच्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. म्हणजे शिरेतून थेंब थेंब उतरत होतं ते एवढ्या अनोळखी माणसांच्या अंगातलं. जमा रकमेचा धनी सापडला नाही की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो, आणि वर्षअखेरीला ते खातं शून्यावर आणावं लागतं. हे कसं आणणार?

तिथे मला खरी ड्यू डेट बघायला मिळाली. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर टाचेला, माकडहाडाशी कातडी दबून जखम होते. रात्री दोनला मावशी यायच्या. सोबत ब्रदर. मावशींचे हात गार आणि खरखरीत, डेटॉलचा वास येणारे. "ताई, वळवते हं," असं म्हणायच्या. मला उत्तर देता येत नव्हतं तेव्हाही म्हणायच्या. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ब्रदरने चादर ओढायची, आणि मी भिंतीकडची खिडकीकडे. पाठीमागे उशी खोचायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा अधांतरी राहतील अशी एक. शेवटी पाठीखालून तळहात फिरवून चादरीला चुणी नाही ना, ते बघायचं. चुणीसुद्धा रुतते. एवढं झालं की पुढचा बेड. चारला परत.

माझ्या तारखांकडे मी नव्याने पाहिलं ते इथून. ३बी उशिरा गेला तर दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसेल तर २०. टीडीएसचं विवरण राहिलं तर दिवसाला २००. आयकराचं रिटर्न तारखेनंतर भरलं तर ५,०००, आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. ज्या गोष्टींच्या धसक्याने मी पंचवीस-तीस वर्षं रात्री दचकून उठले, त्यांची किंमत सरकारने आधीच ठरवून छापून ठेवली होती. अर्थात सगळंच पैशांवर भागत नाही. रिटर्नला उशीर झाला तर धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही, आणि क्लायंट त्यासाठी माफ करत नाही, करूही नये. पण आमच्या बहुतेक उशिरांना लेट फी आहे. दोनच्या पाळीला मावशी चारला आल्या असत्या, तर ती कुठे भरायची होती? त्यांचा पगार माझ्याकडे रिटर्नला येणाऱ्या कुठल्याही माणसापेक्षा कमी असणार, हेही मी त्याच रात्री मनाशी मांडलं.

घरी आल्यावर माणसं भेटायला यायला लागली. सफरचंदं आणायची आणि थोड्या वेळाने हळूच विचारायची, "आता आयुष्याकडे बघायची दृष्टीच बदलली असेल, नाही?" मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने दोन वाक्यं तरी मोलाची सांगावीत, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. मला सांगण्यासारखं काही सुचायचं नाही. एका मावसदिरांनी तर बजावलं, "वहिनी, आता काम-बिम सोडा, निवांत राहा." निवांत! छताच्या पंख्याकडे बघत पडण्यातलं निवांतपण मी पुरेपूर भोगून आले होते. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल, तर ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्यावर पडणाऱ्या गार श्वासाची. आजारपण माणसाला कामाच्या व्यर्थतेचा साक्षात्कार घडवतं म्हणतात. मला तर घडला नाही. काम मला आवडतं, एवढंच आणखी पक्कं झालं. नको झाली होती ती धास्ती. इतकी वर्षं दोन्ही एकाच खात्यात पडून होती.

'कॅच-२२' लिहिणाऱ्या जोसेफ हेलरलाही १९८१ च्या अखेरीला हाच आजार झाला होता. त्याचा मित्र स्पीड व्होगेल त्याच्या घरात राहायला गेला, त्याची टपालं आणि बिलं निस्तरत बसला. पुढे दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं, एक प्रकरण याचं, एक त्याचं. मला ही वाटणी फार योग्य वाटते. आजारपणाची निम्मी हकीकत नेहमीच दुसऱ्याकडे असते. माझी निम्मी हकीकत ऑफिसातल्या मुलीकडे आहे. मार्चमध्ये तिने दोन्ही खुर्च्या सांभाळल्या. काही क्लायंट गेले, बरेचसे राहिले. एकाने तर म्हणे कौतुकाने सांगितलं, "यंदा कागद वेळेवर मागितलेत तुम्ही." हे ऐकून मला आनंद झाला, असं म्हणणं थोडं खोटं होईल.

फिजिओथेरपीत वाटीभर राजमे दिले जायचे. एकेक दाणा चिमटीत धरून दुसऱ्या वाटीत टाकायचा. चिमूट जमायची, पण दाणा सुटायचा आणि टेबलाखाली जायचा. मग कपडे वाळत घालायचे चिमटे, मग ब्लाउजचं हूक, मग पेन. सही जमायला लागली तेव्हा मी हौसेने स्वतःच्या हाताने चेक लिहिला, आणि बँकेने सही जुळत नाही म्हणून परत केला. बँकेचं बरोबर होतं. जुनी सही भरधाव होती, शेवटचं अक्षर नुसती रेघ. नवीत प्रत्येक अक्षर वाचता येतं. फॉर्म भरून नवा नमुना दिला.

नसेचं वरचं आवरणच गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत अंतर मीटरभर धरा आणि भागाकार करा. त्याला एक्स्टेन्शन मागता येत नाही, तत्काळची सोय नाही, ओळख लावता येत नाही. माझ्या उजव्या पावलाच्या बोटांना अजून चटईचा खरखरीतपणा लागत नाही.

आणि त्याच वर्षी गंमत झाली. रिटर्नची ३१ जुलै ही तारीख सरकारने १५ सप्टेंबर केली, आणि १५ ला रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून दिला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धावपळ, शिव्या, हात जोडलेले इमोजी. मी जेवून झोपले होते. सकाळी उठून राहिलेली रिटर्नं भरली. शेवटच्या दिवशी पिशवीभर कागद घेऊन येणाऱ्यांचं काम मी आजही घेते. फक्त रात्री आठनंतर पोर्टल उघडत नाही, आणि तसं दारावर लिहून लावलंय.

एवढं वाचलंत म्हणून एक मागणं. जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर तळपायांना मुंग्या यायला लागल्या, त्या वर चढायला लागल्या, जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना पाय साथ देईनासे झाले, तर अशक्तपणा म्हणून लिंबू सरबत पीत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाऊन मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. या आजारावरच्या इंजेक्शनांचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो.