न्हाणीतला काळोख

त्या मुलाने लेन्स काढली, मोबाइलचा टॉर्च मागून लावला, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाला, "काका, फंगस आहे."

"असणारच," मी म्हटलं. "पुण्याचे किती पावसाळे काढलेत तिने! कडेला आहे, फोटोत येत नाही."

"तरी पण…" म्हणत त्याने भाव दोन हजारांनी खाली आणला. कोळ्याच्या जाळ्याएवढा एक धागा, त्याचे दोन हजार! घासाघीस करायचा मला कंटाळा आला होता.

बाणेरहून आलेल्या त्या पोराला माझा निकॉन एफएम-टू हवा होता. १९८२ साली हे मॉडेल आलं तेव्हा सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचं कौतुक फार होतं. मला तो वेग कधी लागला नाही; दिवे घाट चढणारी पालखी सव्वाशेलाही निवांत सापडते. सेल लागतो तो फक्त मीटरला, शटर त्याच्यावाचूनही चालतं. पोराने ते चारचारदा दाबून ऐकलं. तीन वर्षांत मी एक रोल घातलेला नव्हता. रोलचे आणि तो धुण्याचे पैसे धरले तर घरात आठवड्याची भाजी येते, हा हिशेब बायकोने घातला, आणि तो बरोबर होता.

जाता जाता त्याची नजर माळ्यावर गेली. जुन्या साडीत गुंडाळलेलं उंच काहीतरी. "ते काय?"

"एन्लार्जर."

"अच्छा," म्हणाला, आणि बूट घालायला वाकला.

एन्लार्जर कुणालाच नको असतो. भंगारवाल्याने मागे वजनावर भाव सांगितला होता, लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. खरं तर आमच्या घरात तो आधी आला. १९८४ साली एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून उचलला. पुढची सात वर्षं कॅमेरा मित्राचा आणि एन्लार्जर माझा, अशी भागी होती. त्याने टिपायचं, मी छापायचं.

नारायण पेठेतल्या वाड्यात अंधारी खोली म्हणजे सामायिक न्हाणी, तीही रात्री दहानंतर. पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म शंभर फुटांच्या डब्यात मिळे. त्यातून छत्तिसाचे अठरा रोल आम्ही पांघरुणाखाली हात घालून भरायचो. कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. डेव्हलपर घरचाच, डी-७६: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. मेटॉल आधी, सल्फाइट मागून. क्रम चुकला की मेटॉल विरघळायचं नाव घेत नाही. मे महिन्यात पाणी २० अंशांवर आणायला ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा. एकदा कागदाचं पाकीट उघडं होतं आणि शेजारच्या काकूंनी "कोण आहे रे आत इतका वेळ?" म्हणत दार ढकललं. कडी ढिली. पंचवीसचे पंचवीस कागद काळे.

पण जमलं की काय जमायचं! लाल दिव्यात पांढरा कागद ट्रेमध्ये हलवत राहावं. आधी केस दिसायचे, मग भुवया, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. धुतलेले फोटो मी आईच्या कपाटाच्या आरशावर ओलेच पालथे चिकटवायचो. पहाटे ते वाळून आपणहून सुटत. टक्, टक्. आई म्हणायची, "तुझी पाल बोलली बघ."

कॅमेऱ्याची अशी एकही आठवण मला सांगता येत नाही. तो गळ्यात असायचा, इतकंच.

पोरगा गेल्यावर निगेटिव्हचा बिस्किटांचा डबा उघडला. व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात गेला. २००३च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली, त्यात प्रभातचा मोठा ठेवा गेला. तेव्हा मी गावभर सांगत फिरलो होतो की आपली फिल्म ॲसिटेटची, भडकत नाही. भडकत नाही हे खरंच. पण उष्म्याने आणि दमटपणाने ती आंबते, आकसते, शेवटी वेडीवाकडी होते. आणि एक आंबली की वाफ शेजारणीला लागते. डब्याचं झाकण मी वर्षानुवर्षं घट्ट लावून ठेवलं, तेच चुकलं.

त्यात वाडा आहे. पाडायच्या आदल्या आठवड्यात मी तीन रोल संपवले होते. न्हाणीतला बंब, जिन्याचा दोर, ढिली कडी. त्यातला एकही फोटो छापलेला नाही, कारण वाड्याबरोबर अंधारही गेला.

स्कॅन करून घे, असं सगळे म्हणतात. वास आलेल्या पट्ट्या देईन बहुतेक. पण आधी एकदा कागदावर.

बायकोने मला बाथरूमच्या खिडकीपाशी टेप घेऊन उभं पाहिलं. "कॅमेरा विकलास ना?"

"विकला."

"मग हे काय?"

"दीड बाय दोन," मी म्हटलं. "वर पंख्याची फट आहे, तिला काळं रेक्झिन लागेल. आणि कडी नवी बसवू."