एका अंशाचा बर्फ

अटलांटा आणि श्रीनगर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 34 अंश उत्तरेच्या आसपास. पण श्रीनगर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आणि अटलांटा तीनशे मीटरवर. त्यामुळे अटलांटात उन्हाळाभर घामाच्या धारा लागतात आणि वर्षाकाठी बर्फ पडतो तो सरासरी जेमतेम दोन-तीन इंच. काही वर्षं तर तेवढाही नाही. मी या शहरात हवामानाचा अंदाज वर्तवण्याचं काम करते आणि वर्षभरात माझी झोप उडवतात ते हेच दोन-तीन इंच.

महाराष्ट्रात असा प्रश्न येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीमधी पांढरा थर दिसतो, पण ते गोठलेलं दव असतं, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत तयार झालेलं. विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात, त्या उंच गडगडाटी ढगांतून. खरा बर्फ मात्र नाही. एक तर आपण विषुववृत्ताच्या जवळ, आणि वर मध्य आशियातली थंड हवा हिमालय अडवून धरतो. उत्तर अमेरिकेत अशी पूर्व-पश्चिम भिंतच नाही. कॅनडातली थंडी मैदानांवरून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरते. मायामी साधारण पाटण्याच्या अक्षांशावर आहे, तिथेही 19 जानेवारी 1977 रोजी हिमकण भुरभुरले होते.

मग अडचण कुठे आहे? इथे थंडी येते ती कोरडी येते, आणि ओल येते ती आखातावरून, ऊब घेऊन. बर्फासाठी दोघींची गाठ पडावी लागते, तीही नेमक्या काही तासांपुरती. कमी दाबाचं क्षेत्र आखाताच्या किनाऱ्यालगत सरकलं तर त्याच्या उत्तरेला बर्फाचा पट्टा तयार होतो. त्याचा मार्ग थोडा उत्तरेला सरकला की अटलांटात नुसता पाऊस, दक्षिणेला गेला की आभाळ भरून येतं आणि काहीच पडत नाही. दूर उत्तरेच्या मिनिआपोलिसमधल्या अंदाजकाराला बर्फ पडेल का, हा प्रश्न हिवाळ्यात सहसा पडत नाही. तो फक्त किती पडेल ते बघतो. आमच्याकडे सगळं अडलेलं असतं एका अंशावर.

अशा दिवशी मी सर्वांत आधी बघते तो फुग्याचा आलेख. शहराच्या दक्षिणेला पीचट्री सिटीहून हिवाळ्यात सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास फुगा वर जातो आणि प्रत्येक उंचीवरचं तापमान व ओल कळवत राहतो. समजा, जमिनीलगत तापमान 4 अंश सेल्सियस आहे. सामान्य माणूस म्हणेल, बर्फाचा प्रश्नच नाही. पण शेजारी दवबिंदू उणे 10 असेल, तर मी खुर्चीत सावरून बसते. इतक्या कोरड्या हवेत पाऊस पडू लागला की थेंबांचं बाष्प होतं आणि हवा गार पडते, माठातलं पाणी गार होतं तशीच. ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक या हवेत शून्याच्या किंचित खाली उतरेल. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत त्याचा बर्फ होऊ शकतो.

दुसरं कोडं याहून अवघड. वरून येणारा हिमकण शून्याहून थोड्या उबदार थरातून जाताना वितळतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते, ती त्या थरातूनच घेतली जाते. सर जोरदार असेल तर थर शून्यावर येऊन थांबतो आणि पुढचे कण न वितळता जमिनीवर पोचतात. सर हलकी असेल तर दिवसभर पाऊसच. म्हणजे किती पडणार हे ठाऊक नसेल, तर काय पडणार हेही सांगता येत नाही. 8 डिसेंबर 2017 चं उदाहरण घ्या. अटलांटाच्या विमानतळावर 2.3 इंच बर्फ मोजला गेला आणि वायव्येच्या उपनगरांत आठ इंचांहून जास्त. तोच दिवस, तेच ढग.

आणि तो उबदार थर जाड असून जमिनीलगतची हवा मात्र शून्याखाली असेल, तर वितळलेला थेंब खाली येऊन तारेवर, फांदीवर, पुलावर आदळताच गोठतो. मला बर्फापेक्षा या पावसाची भीती जास्त वाटते.

तरीही लोक विचारतात, "किती इंच?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. 28 जानेवारी 2014 रोजी अटलांटात पडला अवघा 2.6 इंच. त्याआधी अंदाजाचा सगळा खल बर्फाची उत्तर सीमा कुठे पडेल यावर चालला होता. शहरासाठी हिमवादळाचा पक्का इशारा त्याच दिवशी पहाटे साडेतीननंतर निघाला, तोवर शहराने आपला दिवस ठरवून टाकला होता. शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ सुरू झाल्यावर सगळेच एकदम घरी निघाले. हवा शून्याच्या बरीच खाली होती. चाकांखाली दबलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला आणि मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले. हजारो मुलांनी रात्र शाळांत नाहीतर बसमध्ये काढली. एका बाईचं बाळंतपण महामार्गावर गाडीतच झालं. इशारा पहाटेऐवजी आदल्या संध्याकाळी निघाला असता, तर त्याच 2.6 इंचांची ही दशा झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

इशारा वेळेवर निघाला की काय होतं, ते पुढे आखाताच्या किनाऱ्यावर दिसलं. 21 जानेवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर 8 इंच बर्फ पडला. तिथला जुना विक्रम 1963 चा, 2.7 इंचांचा. फ्लोरिडातल्या मिल्टनमध्ये 9.8 इंच, तो त्या राज्याचा विक्रम ठरला. त्याच किनारपट्टीवरच्या लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने आपल्या इतिहासात पहिल्यांदाच 'ब्लिझर्ड'चा, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यासह येणाऱ्या हिमवादळाचा, इशारा दिला. अपघातांत आणि थंडीने माणसं गेली, ते दुःख आहेच. पण आधीच ठरवून शाळा बंद होत्या, माणसं घरात होती, म्हणून अटलांटासारखी कोंडी तिथे झाली नाही. संगणकी प्रारूपं काही दिवस आधीपासून बर्फ दाखवत होती. अशा वेळी अंदाजकाराच्या मनात येतंच की इथे असं कधी होत नाही. ते बाजूला सारून समोरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला धैर्य लागतं. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या माझ्या व्यवसायबंधूंनी ते दाखवलं, याचा मला अभिमान वाटतो.

माझ्या अंदाजात आता इंच शेवटच्या ओळीत येतात. पहिल्या ओळीत असतो तो तास, ज्याच्या आत रस्ता सोडायला हवा. दुसऱ्या ओळीत शक्यता, शंभरात किती ते सरळ लिहून. शाळेच्या बसचा चालक घरातून किती वाजता निघतो, हेही मी विचारून ठेवते. कारण माझा अंदाज त्याच्या आधी पोचायला हवा.