सोळावर काय करायचं?

तर झालं असं, की मी शंभराची नोट डीलरबाईंच्या हातात द्यायला गेलो आणि त्यांनी हात मागे घेऊन टेबलाकडे बोट दाखवलं. वेगासमधला ब्लॅकजॅकचा पहिला धडा: पैसे हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. वरच्या कॅमेऱ्यांना सगळं दिसलं पाहिजे ना! म्हणूनच पत्ता हवा असेल तर बोटाने टेबल ठोकायचं, म्हणजे हिट. पुरे असेल तर तळहात हलवायचा, म्हणजे स्टँड.

आपली पत्त्यांची मजल म्हणजे दिवाळीतली रमी आणि मेंढीकोट. त्या मानाने हे फारच सोपं. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एक किंवा अकरा, बाकीचे आपापल्या आकड्याचे. दोन पत्ते तुम्हाला, दोन डीलरला, त्यातला त्याचा एकच उघडा. एकवीसच्या जवळ जायचं, ओलांडलं की बस्ट. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता आला तर ब्लॅकजॅक. बरोबरी झाली तर पुश, म्हणजे आपले पैसे आपल्याला. दोन सारखे पत्ते आले तर तेवढीच रक्कम आणखी लावून दोन वेगळे डाव करायचे, ते स्प्लिट. रक्कम दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा, ते डबल डाऊन.

गंमत म्हणजे डीलरला डोकं चालवायची परवानगीच नाही. सोळापर्यंत पत्ता घ्यायचा, सतराला थांबायचं (एक्का अकरा धरून झालेल्या सतराला काही टेबलांवर आणखी घेतात, ते सोडा). अगदी दोन ओळींचा प्रोग्रॅम! मग कॅसिनो जिंकतो कसा?

क्रमामुळे. आधी आपण खेळतो. आपण बस्ट झालो की पैसे तिथल्या तिथे उचलले जातात. नंतर डीलरही बस्ट झाला तरी ते परत मिळत नाहीत. बास, एवढंच.

आणि हे कळलं की माणूस घाबरतो. माझ्याकडे सोळा, डीलरचा उघडा पत्ता दहाचा. तेरापैकी आठ पत्ते मला बुडवणारे. मी आपला तळहात हलवत राहिलो. आपल्या हाताने मरण्यापेक्षा डीलरने मारलेलं बरं! खरं तर तिथे पत्ता घ्यायचा असतो. दोन्हीकडे तोटाच, पण घेतला तर किंचित कमी. हे गणित अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर करून 1956 साली छापलं. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएमच्या कॉम्प्युटरवर ते आणखी नेमकं केलं आणि 1962 मध्ये पुस्तकच लिहिलं. हे सगळं मी परत आल्यावर वाचलं. प्रॉडक्शनला टाकल्यावर डॉक्युमेंट वाचायची आपली जुनीच सवय.

तासाभरात दोनशे डॉलर गेले. उठायला हवं होतं. उठलो, पण एटीएमकडे गेलो. आणखी दोनशे.

त्यातले काही इन्शुरन्समध्ये गेले. डीलरचा उघडा पत्ता एक्का असेल तर निम्मी रक्कम वेगळी लावायची. त्याचा झाकलेला पत्ता दहाचा निघाला तर दुप्पट मिळतात. नाव इतकं आश्वासक की मी दर वेळी घेतला. बरोबरीत सुटायलासुद्धा तीनपैकी एकदा दहाचा पत्ता यावा लागतो, आणि तो येतो साधारण तेरापैकी चारदा. शाळेतलं गणित हो! पण तिथे कुणाला सुचतंय?

शेवटच्या चिपा उरल्यावर टेबलाच्या कापडावर छापलेलं वाचलं: ब्लॅकजॅकला सहास पाच. चांगल्या टेबलावर तिनास दोन मिळतात. म्हणजे दहा डॉलरवर पंधराऐवजी बारा. एकवीस डावांत साधारण एकदा ब्लॅकजॅक येतो. तासाला साठ डाव धरा, आठ-नऊ डॉलर नुसते न वाचल्याचे. दोन तास माझं कोपर त्याच अक्षरांवर होतं.

शेवटच्या डावाला पुन्हा सोळा आणि समोर दहा. या वेळी टेबल ठोकलं. नव्वा आला. बस्ट.

परतताना गाडीत आईचा फोन. "काही खेळलाबिळला नाहीस ना रे?"

"खेळलो थोडं. पन्नास डॉलर गेले."

"पन्नास म्हणजे आपले किती?" तिने विचारलं, आणि मी ते खरंच गुणाकार करून सांगितले.